अंगाचा वास : डिओडरंट बरा की अत्तर-सेंट?

या पानावर आम्ही एरवी बेणे, लागवडीचा हंगाम, खोडवा व्यवस्थापन आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. पहूर गटातील गावभेटींत सभासदांची शिकलेली मुले-मुली एक प्रश्न वरचेवर विचारतात. कॉलेजला, नोकरीवर किंवा लग्नकार्याला जाताना अंगाला काय लावावे? डब्यातला फवारा, म्हणजे डिओडरंट, घ्यावा की बाटलीतला सेंट? आणि आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवत, ते काय वाईट होते? वडीलधारी मंडळी यावर म्हणतात, "साहेब, हे पोरांचे चोचले आहेत." पण आम्हाला तसे वाटत नाही. घरोघर यावर दरमहा पैसा जातो आणि तो समजून जावा असे आम्हाला वाटते. शिवाय या विषयाचा आपल्या उसाशी, आपल्या खानदेशाशी आणि फवारणीच्या कामातील जिवाच्या धोक्याशीही जवळचा संबंध आहे. तो पुढे ओघाने येईलच.

घामाला वास येतो कोठून?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. उन्हात कोळपणी करताना कपाळावरून, पाठीवरून जो घाम ओघळतो त्यात मुख्यतः पाणी आणि थोडे मीठ असते. हा घाम म्हणजे शरीराचे ठिबक सिंचनच. कातडीवरून पाणी उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते आणि अंग थंड राहते. कष्टाचे काम करणारा माणूस कडक उन्हात तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. मे महिन्यात आपल्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हा घाम आला नाही तर माणूस उष्माघाताने आडवा होईल. म्हणून घामाची लाज धरू नये, आणि सगळ्या अंगाचा घाम बंद करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

काखेतला आणि जांघेतला घाम मात्र थोडा निराळा असतो. तेथे दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात. लहान मुलांच्या काखेला असा वास का येत नाही, याचे उत्तर यातच आहे. हा स्रावही बाहेर पडतो तेव्हा बिनवासाचाच असतो. पण काखेत ऊब असते, ओल असते, वारा लागत नाही. तेथे राहणारे जिवाणू त्या स्रावावर ताव मारतात, त्याचे विघटन करतात, आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त पदार्थ तयार होतात त्यांचा तो उग्र दर्प असतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही तोडलेल्या उसाचीच गोष्ट आहे. ताज्या तोडीच्या उसाला आंबूस वास येतो का? नाही. पण तोच ऊस फडात किंवा गाडीतळावर दोन-तीन दिवस पडून राहिला की कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, रस आंबतो, साखर घटते आणि वास सुटतो. दोष उसाचा नसतो, वेळेचा असतो. अंगाचेही तसेच आहे. घाम आला यात काही बिघडले नाही. तो काखेत आणि सदऱ्यात दिवसभर मुरला, हे बिघडले.

आणखी दोन कारणे सांगण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे कापड. टेरिकॉट, पॉलिस्टर या कापडांत दर्प अधिक धरून राहतो, तर सुती कापडात कमी. आपण कापूस पिकवणारी माणसे, तेव्हा उन्हाळ्यात सुती सदरा घालण्याचा सल्ला आपल्याला दुसऱ्याने द्यायला नको. दुसरे कारण आहार. लसणाचा वास श्वासातून आणि घामातून उतरतो. मेथी भरपूर खाल्ली तर घामाला काकवीसारखा गोडसर वास येतो. यात आजार काही नाही.

डिओडरंट म्हणजे काय?

बाजारात एकाच फळीवर दोन निरनिराळ्या वस्तू असतात आणि लोक दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात. त्यांतला फरक ध्यानात घ्यावा.

पहिली वस्तू म्हणजे डिओडरंट, अर्थात दुर्गंधनाशक. हा घाम थांबवत नाही. त्यातील अल्कोहोल व इतर द्रव्ये काखेतले जिवाणू कमी करतात आणि सोबत घातलेला सुगंध उरलासुरला वास झाकतो. म्हणजे हा रोगाच्या मुळावर थोडाफार घाव घालतो.

दुसरी वस्तू म्हणजे ॲण्टिपर्स्पिरंट, अर्थात घामरोधक. यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी बूच बसवल्यासारखे बसतात आणि तेवढ्या जागेचा घाम काही काळ कमी होतो. हा रात्री, काख कोरडी असताना लावला तर अधिक गुण येतो, कारण रात्री घाम कमी असतो. घामरोधक फक्त काखेपुरताच वापरावा. त्याने कर्करोग होतो अशी वदंता अधूनमधून कानावर येते. आजवरच्या संशोधनात तसा ठाम पुरावा मिळालेला नाही. मात्र ज्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

या वस्तू काही फार जुन्या नाहीत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८८८ साली 'मम' नावाचा दुर्गंधनाशक मलम निघाला. तो बोटाने काखेत चोळायचा असे. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५२ साली सिंथॉल साबण काढला, तो दुर्गंधनाशक साबण म्हणूनच. फवाऱ्याचे डबे गावोगाव पोहोचले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आणि आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली एक वस्तू आपण विसरतोच, ती म्हणजे तुरटी. दाढीनंतर गालाला तुरटी फिरवतात ती कातडी आवळावी आणि जखम चिघळू नये म्हणून. तीच तुरटी आंघोळीनंतर ओल्या काखेत दोन-चार वेळा फिरवली तर जिवाणूंना आळा बसतो आणि दर्प कमी होतो. शहरात हाच खडा गुळगुळीत करून, सुंदर डबीत घालून, 'ॲल्युमिनियम नसलेला नैसर्गिक डिओडरंट' म्हणून महाग विकतात. यातला विनोद असा की तुरटी हा मुळात ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. तेव्हा खडा पहूरच्या बाजारातून घ्यावा, डबीला भुलू नये.

अत्तर आणि सेंट

अत्तराचे काम वेगळे. अत्तर किंवा सेंट जिवाणूंसाठी बनवलेलाच नसतो. तो नुसता सुगंध देतो. काखेतल्या दर्पावर सेंट मारला तर दर्प जात नाही. दोन्हींचे मिळून तिसरेच काहीतरी होते आणि एस.टी.त शेजारी बसलेला माणूस खिडकी उघडतो.

सेंटमध्ये सुगंधी द्रव्य किती, यावरून त्याची नावे ठरतात. 'परफ्यूम' म्हणून जो सर्वांत दाट असतो त्यात साधारण २० ते ३० टक्के सुगंधी द्रव्य असते. 'ओ द परफ्यूम'मध्ये १५ ते २० टक्के, 'ओ द तॉयलेत'मध्ये ५ ते १५ टक्के आणि 'कोलोन'मध्ये २ ते ५ टक्के. बाकीचा भाग बव्हंशी अल्कोहोल आणि थोडे पाणी. कोलोन हे नाव जर्मनीतील कोलोन शहरावरून पडले. फारिना नावाच्या इटालियन घराण्याने तेथे १७०९ साली पेढी काढून हे सुगंधी पाणी प्रसिद्ध केले. बॉडी स्प्रेमध्ये सुगंधी द्रव्य कोलोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. सकाळी अंगभर मारलेला स्प्रे दुपारपर्यंत का टिकत नाही, याचे हे उत्तर आहे.

आपले देशी अत्तर याहून निराळे. त्यात अल्कोहोल नसतो. उत्तर प्रदेशातील कनौज हे त्याचे जुने माहेरघर. तेथे तांब्याच्या डेगमध्ये फुले व पाणी घालून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे. ते पाण्यात बुडवलेले असते आणि आत चंदनाचे तेल घातलेले असते. थंड झालेल्या वाफेतला सुगंध ते तेल ओढून घेते. गुलाब, मोगरा, केवडा, हिना, वाळा यांची अत्तरे अशी होतात. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा सुगंधही भाजलेल्या मातीपासून याच रीतीने उतरवतात आणि 'मिट्टी अत्तर' म्हणून विकतात. चंदन महागल्यापासून मात्र पुष्कळ ठिकाणी चंदनतेलाच्या जागी पॅराफिनसारखे स्वस्त तेल वापरतात. तेव्हा स्वस्तात मिळालेल्या अत्तराला अस्सल समजू नये.

सुगंधाची आवड आपल्या मुलखाला नवी नाही. पहूरहून अजिंठ्याची लेणी फार लांब नाहीत. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात आरसा हाती घेऊन प्रसाधन करणाऱ्या राजस्त्रीचे चित्र जगप्रसिद्ध आहे, आणि त्याच लेण्याच्या शिलालेखात 'गंधकुटी'चा, म्हणजे बुद्धाच्या सुगंधित निवासाचा, उल्लेख आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर 'गंधयुक्ति' नावाचे प्रकरणच लिहिले. आणि दिवाळीच्या पहाटे उटणे लावताना आपण नागरमोथा, वाळा, कपूरकचरी आणि चंदन अंगाला चोळतो, तीही त्याच परंपरेतली गोष्ट. उटण्याची खुबी अशी की त्यात आधी अंग स्वच्छ होते आणि मग सुवास येतो. हा क्रम लक्षात ठेवावा.

बाटलीत आपलाच ऊस

आता सभासदांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. सेंटच्या बाटलीत सर्वांत मोठा वाटा कशाचा? अल्कोहोलचा. आणि आपल्या देशात हा अल्कोहोल मोठ्या प्रमाणावर उसाच्या मळीपासून होतो. अलीकडे काही ठिकाणी धान्यापासूनही करतात.

हिशेब सोपा आहे. एक टन ऊस गाळल्यावर साधारण ४० ते ४५ किलो अंतिम मळी निघते. एक टन मळीपासून आसवनीत सुमारे २२० ते २४० लिटर अल्कोहोल मिळतो. म्हणजे एक टन उसामागे, साखर काढून घेतल्यानंतरही, दहा लिटरच्या आसपास अल्कोहोल हाती येतो. सेंटच्या १०० मिलीच्या बाटलीत ८० मिली अल्कोहोल धरला तर एका टनाच्या मळीतून सव्वाशे बाटल्यांपुरता अल्कोहोल निघाला. आपण घरी एक बाटली आणतो तेव्हा तिच्यात आठ किलो उसाची मळी आलेली असते, असे समजायला हरकत नाही.

अर्थात सगळा अल्कोहोल सेंटला जातो असे नाही. आज त्यातला बराचसा पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो. सुगंधी वस्तूंसाठी साधा स्पिरिट चालत नाही. त्याला मळीचा वास असतो. तो पुन्हा शुद्ध करून वासरहित केलेला 'एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल' लागतो. कोणी पिऊ नये म्हणून त्यात दुसरे द्रव्य मिसळून तो अपेय करतात. डब्याच्या मागील बारीक अक्षरांत इथाइल अल्कोहोल आणि तो अपेय केल्याचा उल्लेख आढळेल. हा अल्कोहोल पोटात जाणे धोक्याचे आहे, हे व्यसनी माणसांच्या घरच्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मग बाटली एवढी महाग का? अल्कोहोलमुळे नव्हे. किमतीत सुगंधी द्रव्य, काच, खोके, जाहिरात, कर आणि दुकानदारांचे कमिशन असते. आपण ऊस देतो टनाच्या भावाने आणि परत घेतो मिलीच्या भावाने. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल घेणारा एकच माणूस असला की काय होते, ते कापसाच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. कारखान्याला आसवनी व इतर जोडधंदे का असावेत, या प्रश्नाचे उत्तर सेंटच्या बाटलीवरही वाचता येते.

खानदेशचा रोशा

हीच गोष्ट खानदेशात आधी एकदा घडून गेली आहे. सातपुड्याच्या उतारावर आणि पश्चिम खानदेशच्या माळांवर रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते. पाने चुरगळली की गुलाबासारखा वास येतो, कारण गुलाबाच्या सुगंधातले एक मुख्य द्रव्य, जिरॅनिऑल, या गवताच्या तेलात भरपूर असते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, अक्राणी या बाजूला पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी भट्ट्या लागत. भांड्यात गवत व पाणी घालून वाफ उतरवत आणि ओढ्याच्या पाण्याने ती थंड करून तेल काढत. फुलोऱ्यातल्या गवतातून साधारण अर्धा टक्का तेल निघते, म्हणजे दोनशे किलो गवतातून एक किलो. उलट एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात.

ही तफावत व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. खानदेशचे रोशा तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई, तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई आणि सारा माल अस्सल गुलाबाच्या भावाने युरोपात विकला जाई. युरोपच्या बाजारात या तेलाला 'तुर्की जिरेनियम' असे नाव पडले होते. गवत आपले, जाळ आपला, नाव मात्र दुसऱ्या देशाचे! आजही हे तेल 'पामारोझा' या नावाने साबण आणि सुगंधी द्रव्यांत वापरले जाते. तेव्हा तरुण मुलांनी विदेशी नावाच्या बाटलीपुढे दबून जाऊ नये. त्यातला अल्कोहोल उसाचा असू शकतो आणि गुलाबाचा सुगंध आपल्या डोंगरातल्या गवताचा.

मग रोज काय वापरावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचे मत थोडक्यात असे. रोजच्या वापराला काखेपुरता डिओडरंट किंवा तुरटी, आणि प्रसंगाला थोडे अत्तर किंवा सेंट. दोन्हींची कामे वेगळी असल्याने एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये. आणि दोन्हींच्या आधी साबण-पाणी व धुतलेला सदरा. पिकाला वरून टॉनिक फवारायचे आणि मुळाशी पाणी द्यायचे नाही, असे कोणी शहाणा शेतकरी करत नाही.

शेतावर जाताना यातले काहीही लावण्याची गरज नाही. घरी परतल्यावर आंघोळ करावी, काखा साबणाने धुवाव्यात आणि त्या दिवसाचे कपडे दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घालू नयेत.

कॉलेज, कचेरी, बँक येथे दिवसभर चार माणसांत बसायचे असते. तेथे आंघोळीनंतर काख कोरडी करून डिओडरंट लावणे पुरेसे आहे. ज्यांना फार घाम येतो त्यांनी घामरोधक वापरावा. फवाऱ्याच्या डब्यापेक्षा गोळा फिरणारा, म्हणजे रोल-ऑन, काटकसरीचा पडतो, कारण त्यात गॅस नसतो. गॅसच्या डब्यात आपण मालाबरोबर गॅसचेही पैसे देतो. 'फॉग'सारखे बिनगॅसचे स्प्रे २०११ पासून बाजारात आले आणि चालले, त्यामागे हेच कारण होते. दुकानात दोन वस्तू हाती घेऊन किंमत भागिले मिली असा हिशेब करावा, आणि आत गॅस आहे की नाही हे वाचावे.

लग्नकार्य, सणवार, पाहुणचार यांसाठी अत्तरासारखी गोष्ट नाही. एक थेंब मनगटावर, किंवा कापसाचा फाया कानात. पूर्वी सभा-समारंभ अत्तर-गुलाब आणि पानसुपारीने संपत, त्यातही प्रत्येकाच्या हाताला बोटभरच अत्तर लागे. सुगंध जवळ आलेल्या माणसाला कळावा, वेशीवरच्या माणसाला नव्हे. भगिनींना तर मोगऱ्याचा गजरा असताना बाटलीची वाण कशाला, असे आम्हाला वाटते. पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

सेंट विकत घेताना दुकानात लगेच निर्णय करू नये. पहिल्या पाच-दहा मिनिटांचा वास लवकर उडणाऱ्या द्रव्यांचा असतो. लिंबू-संत्र्यासारखा ताजेपणा तेव्हाच संपतो. मग फुलांचा वास येतो, आणि चंदन-लाकूड-कस्तुरीसारखा जड वास शेवटी राहतो. दिवसभर तोच आपल्या सोबतीला असतो. म्हणून मनगटावर लावून बाजार करून यावा, तासाभराने पुन्हा हुंगावे आणि मग पैसे काढावेत.

फवारणीचा सदरा आणि सेंट

हा भाग सर्वांनी वाचावा, घरात वाचून दाखवावा.

कीटकनाशक फवारल्यानंतर कपड्यांना औषधाचा वास येतो. काही तरुण घाईत तोच सदरा ठेवून वरून स्प्रे मारतात आणि गावात जातात. हे जिवावर बेतणारे आहे. तो वास म्हणजे विष अजून कापडात आहे याची खूण असते. खूण झाकल्याने विष जात नाही. ते कातडीतून अंगात जातच राहते. फवारणीनंतर लगेच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

दुसरे असे की काही कीटकनाशकांच्या, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधांच्या, विषबाधेत एकाएकी भरमसाट घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, मळमळते, दृष्टी अंधुक होते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. हा उन्हाचा घाम नव्हे. अशा वेळी पंखा, पावडर, स्प्रे यांत वेळ न घालवता औषधाचा डबा सोबत घेऊन रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. आपल्या तालुक्यातही कापूस आहे, ऊस आहे, केळी आहे. तेव्हा ही गोष्ट परक्याची समजू नये.

इतर काळजी

१. फवाऱ्याच्या डब्यात अल्कोहोल आणि बहुधा ज्वालाग्राही गॅस असतो. चूल, बिडी, देवापुढचा दिवा यांच्याजवळ तो वापरू नये. लावल्यावर निदान काही मिनिटे काडी ओढू नये.

२. डब्यावर ५० अंशांपुढील उष्णतेपासून दूर ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या काचेमागे एवढी उष्णता सहज होते आणि डबा फुटू शकतो. रिकामा डबाही शेकोटीत किंवा पाचट जाळताना टाकू नये. पाचट तर जाळूच नये, हे आम्ही नेहमी सांगतोच!

३. स्प्रे वीतभर अंतरावरून मारावा आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. दमेकऱ्यांनी व लहान मुले असलेल्या घरांनी फवाऱ्याऐवजी रोल-ऑन किंवा तुरटी वापरावी. मुलांनी डब्यातला गॅस हुंगण्याचा खेळ कधीही करू नये. त्याने हृदय बंद पडून मृत्यू ओढवू शकतो.

४. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस पाहावी. खाज किंवा पुरळ आले तर ती सोडून द्यावी. नुकतेच केस काढलेल्या किंवा खरचटलेल्या जागी लावू नये.

५. काही सुगंधी तेले, विशेषतः लिंबूवर्गीय बर्गमॉटचे तेल, कातडीवर असताना ऊन लागले तर काळे डाग पडतात. उन्हात जाणाऱ्यांनी मानेवर, गळ्यावर सेंट लावू नये.

६. सेंट व अत्तर उन्हात आणि उजेडात खराब होते. बाटली खिडकीत न मांडता खोक्यात घालून कपाटात ठेवावी.

७. रोजची स्वच्छता राखूनही अंगाच्या वासात एकाएकी बदल झाला, श्वासाला फळासारखा गोडसर वास येऊ लागला, फार तहान लागून लघवी वाढली, तर ती मधुमेहाची खूण असू शकते. रात्री झोपेत कपडे भिजण्याइतका घाम येत राहिला तरी डॉक्टरांना दाखवावे. अशा वासावर सुगंध शिंपडून गप्प बसू नये.

सभासद बंधू-भगिनींनो, ज्याच्या अंगाला घामाचा वास आहे तो कमी प्रतीचा आणि ज्याच्या अंगाला सेंटचा वास आहे तो वरच्या प्रतीचा, असे जाहिराती आपल्या मुलांच्या मनावर ठसवत असतात. आम्ही ते मानत नाही. कारखान्याचे सारे गाळप घामावर उभे आहे. पण घाम पवित्र म्हणून तो तीन दिवस अंगावर वागवावा असेही नाही. तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा आणि गाळलेला घाम वेळेवर धुतला जावा. एवढे सांभाळले तर डबा छोटा पुरतो आणि अत्तराची कुपी वर्षभर चालते.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी माहिती देऊ. आजच्या विषयावर काही शंका असतील तर सभासदांनी गट कार्यालयात किंवा आमच्या ऊस विकास विभागाकडे जरूर विचाराव्यात.

— ऊस विकास अधिकारी